कडी बाहेरून

परवा फोंडा-पणजी कदंब बसमध्ये बसल्या बसल्या फ्रीडा मॅकफॅडनचं 'द हाउसमेड' संपवलं, २०२२ चं पुस्तक, मला आत्ता कुठे मिळालं. मिली ज्या घरात कामाला लागते तिथे तिला माळ्यावरची खोली देतात आणि त्या दाराला कुलूप फक्त बाहेरून लागतं! तेवढं वाचलं नि अंगावर काटाच आला, कारण आमच्या जुन्या घरात नारळ ठेवायची खोली अशीच होती, कडी बाहेरून, लहानपणी मी एकटी कधीच आत गेले नाही. डोमेस्टिक थ्रिलरमध्ये मला हेच आवडतं, भीती लांबून कुठून येत नाही, घरातच असते, रोजच्या माणसांत.

पण हल्ली बरेच लेखक शेवटच्या पाच पानांत ट्विस्ट ठोकून देतात, आधीच्या माणसांशी त्याचा काही संबंधच नसतो, तिथे मला खरंच राग येतो. २०१२ च्या 'गॉन गर्ल'मध्ये (वाचलं नसेल तर पुढची ओळ सोडा) ॲमीची डायरी आपण खरी धरून वाचत जातो नि अर्ध्यावर कळतं की ती रचलेली आहे, तरी फसवल्यासारखं वाटत नाही, कारण ॲमी आहेच तशी.

हाउसमेडचा दुसरा भाग आहे का ते विचारायला उद्या पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जातेय.