अडेनियमनं मला चाळणी हातात धरायला लावली

माझं पहिलं अडेनियम, म्हणजे फुगीर बुंध्याचं ‘डेझर्ट रोझ’, पाण्यावाचून नाही, पाण्यापायी गेलं. वरून पानं पिवळी पडत होती, मला वाटलं तहानलंय, म्हणून आणखी पाणी घातलं. एक दिवस बुंधा दाबून पाहिला तर अंगठा आत रुतला. कुंडीत अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), उरलेलं गांडूळखत आणि बागेतली माती. वरचा थर कोरडा खडखडीत, आणि बोटभर खाली चिखल.

दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली: तळाशी खडीचा जाड थर दिला, वर तेच मिश्रण. हेही रोप कुजायला लागलं. तेव्हा कुठे स्पंजचा प्रयोग करून पाहिला. भिजलेला स्पंज आडवा धरायचा, ठिबकणं थांबू द्यायचं, मग उभा करायचा. परत पाणी गळतं! म्हणजे तळाशी काही उंचीपर्यंत पाणी अडकून राहतंच, आणि ती उंची कणांच्या जाडीवर ठरते. कण बारीक, तर ओला थर उंच. खाली खडी घातली की हा थर नाहीसा होत नाही, खडीच्या वर, म्हणजे थेट मुळांत येऊन बसतो. उथळ कुंडीत तर जवळपास सगळी मुळं त्यातच.

मग वाळू मिसळली. बारीक होती, तिनं उरलीसुरली पोकळीही बुजवली. ती चूक महिनाभरात कळली.

शेवटी विटा फोडल्या आणि दोन चाळण्या घेतल्या. साधारण ३ ते ६ मिलिमीटरचे तुकडे ठेवले, खालची भुकटी टाकून दिली. किती भुकटी निघाली म्हणता! जवळजवळ अर्धा ढीग. प्युमिस (ज्वालामुखीचा हलका दगड) मिळालं तर उत्तमच, ते सच्छिद्र असतं आणि जागेवर राहतं. परलाइट (भट्टीत फुगवलेले पांढरे खनिज दाणे) हलकं, दर पाण्याला तरंगून वर येतं; शिवाय भिजवल्याशिवाय हाताळलं तर धूळ नाकात जाते. कोकोपीट वापरायचंच तर आधी दोनतीनदा धुऊन घ्यावं, त्यात क्षार असू शकतात.

कुजत असलेलं दुसरं अडेनियम खाली निरोगी, घट्ट गाभा दिसेपर्यंत कापलं, आठवडाभर सावलीत सुकवलं आणि निव्वळ विटांच्या तुकड्यांत लावलं. जगलं, पण ऐन उन्हाळ्यात पानं लोंबायला लागली. आता रोज पाणी! अडेनियम रुक्ष प्रदेशातलं असलं तरी वाढीच्या दिवसांत भरपूर पितं, हे मी विसरलोच होतो. आता त्याला दोन भाग तुकडे आणि एक भाग कोकोपीट-गांडूळखत. निवडुंगांना चारास एक. चाफ्याला खताचा हात थोडा सैल. सापपानाला (स्नेक प्लांट) यातलं काहीही चालतं, फक्त थंडीत कुंडी ओली राहायला नको. अशा मिश्रणात अन्न फार टिकत नाही, म्हणून वाढीच्या काळात द्रवखत निम्म्या ताकदीचं देतो.

हे प्रमाण माझ्या मोकळ्या हाताला जमणारं आहे. पाणी घालायला विसरणाऱ्यानं कोकोपीट थोडं वाढवावं. नव्या मिश्रणात लावल्यावर कुंडीत भरभर पाणी ओततो. क्षणभर वर साचून लगेच खालून वाहायला लागलं तर ठीक. तळं झालं तर कुंडी उपडी करतो, आणि पुन्हा चाळणी.