सनईच्या घरातला बॅगपाइप : सरावाची नोंद, वैशाख ते कार्तिक

सध्याची स्थिती आधी. पिशवी हवाबंद झाली आहे. चँटर (बोटांनी चाल वाजवायची नळी) आणि एक टेनर ड्रोन एकमेकांना धरून राहतात. ड्रोन म्हणजे सतत एकच स्वर धरणाऱ्या नळ्या : दोन टेनर, एक खर्जातला बेस. दुसरा टेनर सुरुवातीला मिळतो, पण संच तापला की सरकतो. बेस ड्रोनला अजून बूच. बोटांच्या झटपट अलंकारांचं म्हणाल तर डबलिंग स्वच्छ, ग्रिप संथ लयीत ठीक, बर्ल मात्र अजून दहात सहा वेळाच धडपणे निघते.

सनई आणि सूर (साथीला एकच स्वर धरणारी सनई) वाजवणाऱ्या घरात बँडमधल्या कुणा आजोबांचा बॅगपाइप माळ्यावर निघाला, तर त्याचं काय करायचं, हा या नोंदीचा विषय. सनईचा कान असलेल्याला इथे काय फुकट मिळतं आणि काय मोडून नव्यानं बसवावं लागतं, त्यावर भर आहे.

माळ्यावरून उतरलेला संच

लगेच फुंकू नका. सगळे सांधे सुटे करा, प्रत्येक नळीचं एक तोंड तळहातानं घट्ट दाबा आणि दुसऱ्या तोंडातून हवा ओढा. जीभ नळीला चिकटून राहिली तर लाकूड शाबूत आहे. सुटली तर कुठेतरी चीर आहे. स्टॉक, म्हणजे पिशवीत बसणारे पाच ठोकळे (तीन ड्रोनचे, एक फुंकणीचा, एक चँटरचा), याच चाचणीत सर्वांत जास्त नापास होतात, कारण आतला ओलावा त्यांनाच आधी भेटतो. बारीक चीर पातळ सुपरग्लूने भरता येते. धातूच्या कड्याखालून आत गेलेली चीर लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडे न्यावी.

लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुड असेल तर नशीब. आपल्याकडचे बरेचसे जुने संच शिसमाचे आहेत. शिसमाचे ड्रोन चांगलं काम देतात, पण चँटरचं आतलं निमुळतं भोक ओबडधोबड असेल तर तो कधीच सुरात येत नाही. अशा वेळी ड्रोन घरातले ठेवा आणि चँटर नवा घ्या. चँटरवर भावनेपोटी वर्ष घालवण्यात अर्थ नाही. कडी हस्तिदंताची असतील तर संच विकण्याचा विचार सोडा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा येतो.

जुनी कातडी पिशवी सुकून कडक झालेली असते. तेल पाजून ती मऊ होते, हवाबंद होत नाही. मुंबईत चेन असलेली कृत्रिम कापडाची पिशवीच बरी. स्टॉक रबरी गळ्यात बसवून होज क्लिपने आवळायचे. ड्रोनमधल्या वेताच्या जुन्या रीड (हवेनं थरथरून आवाज काढणारी पाती) आठवण म्हणून डबीत ठेवा आणि कृत्रिम रीड लावा.

बोटं : प्रॅक्टिस चँटर

पिशवीशिवाय, थेट तोंडानं फुंकायचा सरावाचा चँटर. पहिले सहा ते बारा महिने फक्त हाच. प्लास्टिकचा, लांब मापाचा घ्यावा. त्याच्या भोकांमधलं अंतर खऱ्या चँटरएवढं असतं आणि आवाज एक सप्तक खाली. चाळीत किंवा सोसायटीत चालून जातो.

वरचा हात डावा. भोकं बोटांच्या टोकांनी झाकायची नाहीत. बोटं सरळ, आडवी. खालच्या हाताच्या तीन बोटांचं मधलं पेर भोकावर येतं, करंगळी तेवढी टोकानं. बोट वाकलं की कडेनं हवा सुटते आणि खालचा स्वर चिरकतो.

स्वर नऊ. खालच्या ए ला सा धरलं तर मंद्र कोमल नि (खालचा जी), मग सा रे ग म प ध, कोमल नि आणि तार सा. थोडक्यात खमाज थाट, खाली एक पायरी जास्तीची. सरगमच्या वहीत हे सरळ लिहून टाकावं. नोटेशन वाचायला नंतर शिकता येतं.

सर्वांत छळणारी जागा म वरून प वर जाणं. खालच्या हाताची तीन बोटं बसतात, करंगळी उठते आणि वरच्या हाताची अनामिका उठते, हे सगळं एकाच क्षणी. खालची बोटं केसभर आधी बसली तर मध्ये सा चा टुकार ठिपका ऐकू येतो. वेग वाढवून तो जात नाही, झाकला मात्र जातो, आणि पुढे पिशवीवर दुप्पट मोठा होऊन परत येतो. मेट्रोनोम ६० वर ठेवून फक्त म-प-म-प. कंटाळवाणं आहे. करायचं.

सनईच्या सवयी

जीभ विसरायची. सनईत जिभेच्या आघातानं स्वर तोडता येतो. इथे रीड पिशवीच्या पलीकडे, चँटरच्या डोक्यात असते. तोंडाचा तिच्याशी संबंधच नाही आणि आवाज कधी थांबतही नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसरा स्वर निमिषभर घ्यावा लागतो, त्याला ग्रेसनोट म्हणतात. कणस्वरासारखा वाटतो, पण काम वेगळं. कण स्वराला रंग देतो, हा स्वराला कापतो. वरच्या हाताची तर्जनी उचलली की जी ग्रेसनोट, वरची अनामिका उचलली की ई, खालची तर्जनी उचलली की डी. जी-डी-ई असा क्रम प्रत्येक स्वरावर घोटायचा. ग्रिप म्हणजे खालचा जी, त्यावर डी ग्रेसनोट, पुन्हा खालचा जी. बर्ल म्हणजे सा वर असताना करंगळीनं खालचा जी दोनदा झटकन. बर्ल फसते ती मनगट आवळल्यामुळे. करंगळी भोकावर आपटायची नाही, ओढत न्यायची.

गाल फुगवून हवा साठवणं आणि नाकानं श्वास घेत सूर चालू ठेवणं हेही इथे नको. ते काम पिशवी करते. गाल फुगले की ओठ लवकर थकतात आणि फुंकणीच्या कडेनं हवा सुटते. अर्धं भोक उघडून मींड घेण्याचा मोह होणार. काही स्वरांवर ती निघतेही, पण पहिल्या वर्षी घेऊ नये, बोटं आडवी ठेवायची सवय बिघडते.

टिकतो तो कान. आणि गाऊन शिकण्याची पद्धतही. स्काय बेटावरच्या मॅक्रिमन घराण्यात, जे पिढ्यान्‌पिढ्या मॅक्लाउड सरदारांचे पाइपर होते, मोठ्या रचना अक्षरं गाऊनच पुढे दिल्या गेल्या. स्वर आणि अलंकार दोन्ही त्या अक्षरांत येतात. म्हणून आमच्याकडेही नियम तोच : चाल ग्रेसनोटसकट तोंडानं म्हणता आली नाही, तर चँटर हातात घ्यायचा नाही.

हवा : गवंड्याची नळी

पिशवी आली की बोटांचं सगळं शहाणपण आठवडाभर पळून जातं. म्हणून मधली पायरी गूज : पिशवी, फुंकणी आणि प्रॅक्टिस चँटर, ड्रोन नाहीत.

आधी गळती. सगळे स्टॉक बुचांनी बंद करून पिशवी टणक फुगवायची, मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा फुंकून पाहायचं. आणखी हवा आत गेली तर तेवढी कुठून तरी बाहेर पडली. शिवण आणि गळ्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. निम्म्या वेळा चोर फुंकणीची रबरी झडप असते. ती सुकून वाकडी होते. नवी स्वस्त मिळते.

दाब मोजायला महागडं यंत्र नको. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी तीन-चार मीटर घ्या, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मीटरनं मिळते. मीटरभर लांबीच्या फळीवर यू आकारात बसवा, दोन्ही बाजूंना अर्ध्या उंचीपर्यंत निळीचं पाणी भरा. एक टोक ड्रोनच्या रिकाम्या स्टॉकला, एक भोकाच्या रबरी बुचातून. अशी बुचं लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. दुसरं टोक उघडं. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे दाब. हलकी रीड साधारण ५० ते ६० सेंटिमीटरला बोलते, मध्यम रीड ७५ च्या आसपास. लक्षात ठेवा, फरक ७५ दिसतो तेव्हा प्रत्येक बाजूचं पाणी त्याच्या निम्मंच सरकलेलं असतं.

या नळीसमोर दुखणं लगेच दिसतं. श्वास घ्यायला तोंड उघडलं की पाणी पडतं, कारण कोपर उशिरा दाबला गेला. फुंकायला सुरुवात केली की उसळतं, कारण कोपर उशिरा सैल झाला. दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : फुंकणं आणि दाबणं ही दोन कामं म्हणून केली जातात. एक चढताना दुसरं तेवढंच उतरायला हवं. एकच स्वर धरून पाणी दोन-तीन सेंटिमीटरच्या आत ठेवायचं, चाल वाजवायचीच नाही. चँटरची रीड हलकी निवडा. पहिल्याच दिवशी कडक रीड लावून छाती दाखवणारे ओठ सुटल्यावर महिनाभर गप्प बसतात.

पावसाळा

जुलै-ऑगस्टच्या हवेत चँटरची वेताची रीड सुकतच नाही. ओली रीड आवाज बदलते, वरचे स्वर दबतात. ड्रोनच्या रीडच्या पात्याखाली थेंब बसला तर ड्रोन एकदम मुका होतो. काढून झटकला की बोलतो. वाजवून झालं की चँटर आणि ड्रोन काढायचे, नळ्यांतून सुती कापड ओढायचं, पिशवीची चेन उघडी ठेवून पंख्याखाली टांगायची. पेटीत ओली ठेवली की आतून बुरशी धरते, आणि तोच वास पुढे फुंकणीतून येतो.

लाकूड फुगल्यामुळे सांधे अडकतात. पिळून काढायचा प्रयत्न करू नका, कडं निघून हातात येतं. सांध्यावर गुंडाळलेल्या दोऱ्याचे दोन-तीन वेढे कमी करायचे. दिवाळीनंतर तेच सांधे सैल होतात, तेव्हा मेणाचा हेम्प दोरा पुन्हा चढवायचा. चांभाराचा नायलॉन दोरा गुळगुळीत असतो, धरत नाही. प्लंबरची टेफ्लॉन टेप रीडच्या बुडाला तात्पुरती चालते, ड्रोनच्या सरकत्या सांध्याला नाही. एसीच्या खोलीतून काढून लगेच फुंकणं हा इथल्या लाकडाला सर्वांत मोठा धोका. बाहेरून कोरडं, आतून दमट आणि गरम, मग चीर.

सूर लावणं

हर्मोनियमची काळी पाच म्हणजे ४६६ हर्ट्‌झ. आमच्या चँटरचा सा ४७० च्या आसपास बसतो. जुने चँटर आजच्यांपेक्षा खालीच बोलतात. आजचे बँड ४८० च्या आसपास वाजवतात, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध. इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी पाचवर लावून बारीक चाकानं वर न्यावा.

मोबाइलमधला ट्यूनर सा साठी ठीक, ग आणि ध साठी नाही. त्याचे स्वर समान अंतरांचे असतात. ड्रोनवर शुद्ध लागणारा ग त्यापेक्षा सुमारे १४ सेंटनी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरता आणि ध १६ सेंटनी. काटा हिरवा दिसेपर्यंत ओढाल तर सुरावर बेसूर वाजेल. सनईच्या घरातल्याला हे सांगावं लागत नाही, हाच तो फुकटचा भाग.

रीड चँटरमध्ये खोल बसवली की सगळेच स्वर चढतात, वरचे जास्त. म्हणून तार सा आणि खालचा सा यांचं सप्तक आधी रीडनं जुळवायचं. मग एखादाच स्वर चढा राहिला तर त्या भोकाच्या वरच्या कडेला इन्सुलेशन टेपची पट्टी. ड्रोन लांब केला की उतरतो, आखूड केला की चढतो. दोन आवाजांमधली थरथर मंदावत थांबली की मिळाला. दुसरा टेनर पहिल्याला लावायचा, चँटरला नाही. आणि हे सगळं पाचेक मिनिटं वाजवून संच तापल्यावर.

जागा

पूर्ण संच हळू वाजतच नाही, आवाज कमी करायची सोयच नाही. रात्री १० ते सकाळी ६ कायद्यानंच बंद. शिवाजी पार्कचा विचार मनात येतो, पण २०१० मध्ये उच्च न्यायालयानं ते शांतता क्षेत्र ठरवलं आहे. चौपाटीवर वाऱ्यानं सूर हलतो आणि वाळू चँटरमध्ये जाते. पाठ वाऱ्याकडे करावी, संच वाळूत टेकवू नये. सर्वांत बरं म्हणजे ओळखीचं गोदाम, रविवारी सकाळी. कानात बोळे घालायचेच.

घरातल्या चाली

भूप आणि दुर्गा पूर्ण बसतात, फक्त मंद्र ध-प नाही. देसला शुद्ध नि लागतो, तो नाही. बिलावलच्या चालींना एक युक्ती आहे : चँटरच्या म ला सा माना. मग खाली मंद्र म पासून वर मध्य प पर्यंत सगळे शुद्ध स्वर मिळतात आणि ड्रोन पंचमावर वाजतात. कानाला आधी चमत्कारिक लागतं, नंतर आवडतं. रे ला सा मानलं की आसावरी थाट निघतो, पण ड्रोन कोमल नि वर येतो आणि चाल सारखी टोचत राहते. आम्ही ते सोडून दिलं.

पुढचं काम : बेस

बेस टेनरच्या खाली आणखी एक सप्तक, आमच्या संचात सुमारे ११७ हर्ट्‌झ. रीड हवा फार खाते. पात्यावरचं कडं सरकवून पातं आखूड केलं की हवा कमी लागते आणि सूर चढतो, मग तो ड्रोन लांब करून खाली आणायचा. कडं एका वेळी मिलिमीटरभरच हलवायचं. चँटरच्या नेहमीच्या दाबाच्या थोडं वर गेलं की ड्रोन बंद पडायला हवा. आधीच बंद पडला तर पातं फार बसलेलं आहे, कितीही फुंकून बंद पडत नसेल तर फार उघडं. नळी पुन्हा लावून, दोन्ही टेनरना बूच मारून, आधी चँटर आणि बेस एवढेच.