आमची वाटचाल : दवा बाजाराच्या काउंटरवरून

१९९८ साली इंदूरला रामबागेतल्या एका माडीवर आम्ही दोघांनी पाटी लावली. भांडवल म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि भागीदाराची लूना. काम एकच : औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांचं बिलिंग आणि स्टॉक. ते सोडून दुसरं काही केलं नाही, आणि त्याची आम्हाला लाज नाही.

घाऊक औषधांचं बिल काय चीज असते ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. एकाच गोळीच्या तीन बॅच, तिन्हींची एमआरपी वेगळी, एक्सपायरी वेगळी, दहावर एक फ्री ही स्कीम त्यातल्या एकीलाच, आणि खाली लोडिंग रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. हे सगळं आम्ही फॉक्सप्रो २.६ या डेटाबेस हाताळायच्या प्रोग्रामिंग भाषेत बसवलं होतं. निळी स्क्रीन, माउसचं नाव नाही. दुकानातला मुलगा फोनवर ऑर्डर ऐकता ऐकता, स्क्रीनकडे न बघता बिल फाडायचा. वीज गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडायचा, म्हणून रीइंडेक्सची एक कळ देऊन ठेवली होती. ती मंडळी सकाळी दिवाबत्ती झाली की नेमाने दाबत. पुढे त्याच भाषेच्या विंडोजवरच्या रूपावर, व्हिज्युअल फॉक्सप्रोवर आलो, तरी कळा त्याच ठेवल्या.

मधल्या पंधरा वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एकशे चाळीस दुकानं लागली.

मार्च २००७ मध्ये जाहीर झालं होतं की व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही, आणि नवव्या आवृत्तीला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपेल. आम्ही म्हटलं, आठ वर्षं आहेत की! त्यातली सात पोहे-जलेबीत गेली.

मग विजयनगरच्या काचेच्या ऑफिसातली एक मंडळी दवा बाजारात उतरली. नाव घेत नाही. त्यांचा सेल्समन दोन वर्षं आमच्याकडे इन्स्टॉलेशन शिकलेला. आमच्या गिऱ्हाइकांची यादी त्याला तोंडपाठ. तो दुकानोदुकानी जाऊन सांगायचा, "इनका तो डॉस वाला है भिया, कल बंद हो जाएगा. हमारा क्लाउड है." क्लाउड म्हणजे काय हे ना त्याला माहीत होतं ना शेठला. पण चार महिन्यांत तीस दुकानं गेली. ज्या माणसाला प्रिंटरची रिबन बदलायला मी शिकवलं, त्याने माझ्या सॉफ्टवेअरला म्हातारं म्हणावं, हे अजून घशाखाली उतरत नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात आम्ही घाबरून निवड करायला बसलो. एक एक्सेल शीट केली : अकरा निकष, प्रत्येकाला वजन. मनात ठरलेलं जिंकेपर्यंत आम्ही वजनं बदलत राहिलो. 'प्रोग्रामर मुलं सहज मिळतील' याला दहा, 'दिसायला आधुनिक' याला दहा. छपाई हा निकषच नव्हता. भागीदाराने एकदाच विचारलं, "अरे, हे प्रिंटरवर छापून बघितलंस का?" मी नव्या मुलांसमोर त्याला गप्प केलं. जिंकले अँग्युलरजेएस (ब्राउझरमधले स्क्रीन बांधायचा साचा) आणि मोंगोडीबी (माहिती साठवायचा डेटाबेस).

ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिसच्या एका परिषदेत कळलं की अँग्युलरची दुसरी आवृत्ती अगदी वेगळी असेल, जुना कोड जसाच्या तसा त्यावर जाणार नाही. आमचा कोड तेव्हा पाच महिन्यांचा होता. रांगतं मूल वृद्धाश्रमात घालावं तसं झालं. तरी रेटत राहिलो, आणि फेब्रुवारीत पहिलं इन्स्टॉलेशन दवा बाजारातल्या आमच्या सगळ्यात जुन्या शेठकडे केलं.

मुलाने चाळीस ओळींचं बिल भरलं आणि सवयीने कंट्रोल-डब्ल्यू दाबलं. फॉक्सप्रोत त्याचा अर्थ लिहिलेलं जतन करून बाहेर पडणं. ब्राउझरमध्ये त्याचा अर्थ टॅब बंद! बिल गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. बोटांना पंधरा वर्षांची सवय होती. एफ-फाइव्ह आम्ही कोडमधून अडवलं होतं, पण कंट्रोल-डब्ल्यू आणि कंट्रोल-एन ब्राउझर आपल्याच ताब्यात ठेवतो. मग छपाई. जुनं सॉफ्टवेअर प्रिंटरला नुसती अक्षरं पाठवायचं, तीन प्रतींचं बिल खडखड करत वीस सेकंदांत बाहेर. ब्राउझर तेच बिल चित्र म्हणून पाठवतो. सुई एकेक ठिपका टोचत बसली. शेठ घड्याळाकडे बघून म्हणाले, "साहब, ऐसे तो छपते-छपते शाम हो जाएगी."

तिसरा घाव आतला होता. मोंगोडीबीतल्या सुट्या नोंदीला डॉक्युमेंट म्हणतात. बिल एका डॉक्युमेंटमध्ये, बॅचचा स्टॉक दुसऱ्यात. मध्येच वीज गेली की बिल नोंदलेलं, स्टॉक मात्र कमी झालेला नाही. अनेक डॉक्युमेंट्समधले बदल एकतर सगळे नाहीतर एकही नाही असे सांभाळणारं ट्रान्झॅक्शन मोंगोडीबीत २०१८ साली, ४.० आवृत्तीत आलं. दोष त्याचा नाही. ते काय करत नाही हे कागदोपत्री लिहिलेलं होतं, वाचलं नाही ते आम्ही.

२०१६ च्या दिवाळीपर्यंत बावन्न दुकानं उरली. भागीदार मुलीकडे पुण्याला निघून गेला. भांडण झालं नाही, म्हणूनच जास्त लागलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागणार होता, आणि आमच्या हातात एक मेलेलं आणि एक अर्धवट, अशी दोन सॉफ्टवेअरं. शेठनी तेव्हा दोन वर्षांच्या एएमसीचा, म्हणजे देखभाल कराराचा, चेक आगाऊ दिला. म्हणाले, "पहले मेरा बिल छपवा दो, बाकी बाद में देखेंगे." आणि दर रविवारी दुकान आमच्यासाठी उघडं ठेवलं.

तिथे निवड झाली. एक्सेल शीट नाही. तीन पर्यायांवर प्रत्येकी एकच बिल लिहून नेलं. तोच मुलगा, तोच प्रिंटर, मोबाइलमधलं स्टॉपवॉच. बिल अर्धं झालं की मी यूपीएसचा प्लग मुद्दाम ओढायचो आणि कॉम्प्युटर पुन्हा उठल्यावर बिल आणि स्टॉक जुळतात का ते बघायचो. पोस्टग्रेस या डेटाबेसवर अकरा वेळा ओढूनही जुळलं. काउंटरला विनफॉर्म्स, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम बांधायचं साधन, घेतलं, २००२ सालचं. ते प्रिंटरला सरळ अक्षरं पाठवू देतं आणि कळा आपल्या ठेवता येतात. ब्राउझर फक्त शेठच्या मोबाइलवरच्या रिपोर्टपुरता. काचेच्या ऑफिसातले हसले. हसू देत, त्यांचे बारा ग्राहक पुढच्याच वर्षी आमच्याकडे परत आले.

तेव्हापासून ऑफिसात एक लाल वही आहे, शेठच्याच दुकानातून आणलेली. काही नवं घेतलं की त्यात लिहायचं : काय घेतलं, का घेतलं, काय नाकारलं, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, पुन्हा कधी बघायचं. 'नाकारलं' हा रकाना सगळ्यात जास्त वाचला जातो, कारण तीच गोष्ट दर दीड वर्षाने नवा मुलगा नव्या उत्साहाने घेऊन येतो.

कोणी विचारलेलं नाही तरी सांगतो. एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घेताना तिला लोकांनी पसंतीच्या दिलेल्या चांदण्या मोजू नका. शेवटची आवृत्ती कधी निघाली ते बघा, तक्रारींना उत्तर कोण देतं ते बघा. एकच माणूस असेल तर तो उद्या कंटाळू शकतो. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायची कामं, अडकले. त्या दिवशी मी आमची पॅकेजेस मोजायला बसलो आणि चारशेनंतर सोडून दिलं. परवाना वाचा. आणि घेण्याआधी आपला डेटा बाहेर काढून बघा. एकाच आठवड्यात दोन नव्या गोष्टी घेऊ नका, बिघडलं तर कुणाला धरायचं तेच कळत नाही. लग्नातही आपण एकाच मांडवात दोन आचारी ठेवत नाही.

परवा शेठच्या नातवाने बोलून ऑर्डर भरायची सोय मागितली. वहीत लिहिलं आहे : रविवारी, काउंटरवर.

नव्या सॉफ्टवेअरमध्येही कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की बिल जतन होतं. ते पहिल्यांदा चाललं त्या रात्री मी पुण्याला फोन लावला. भागीदाराने सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "छापून बघितलंस का?"