२३७ चेंबर गेले कुठं?

मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, आमच्या ऑफिसातल्या कूलरच्या ताट्या दुपारी दोनलाच वाळून कडकडीत व्हायच्या आणि पाणी कोण भरणार यावरून रोज भांडण. आम्ही मॅपिंगची छोटी-मोठी कामं करतो, तेव्हा हातात होतं पावसाळी पाण्याच्या चेंबरांचं सर्वेक्षण. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन खालच्या वस्त्यांमधी घराघरात पाणी शिरलं, त्याच्यानंतर पावसाळ्याआधीची सफाई हा विषय या शहरात कोणी हसण्यावारी नेत नाही.

काम तसं सोपं होतं. पोट्टे मोबाइलवर क्यूफील्ड, म्हणजे नकाशावर नोंदी करायचं अ‍ॅप, घेऊन गल्लोगल्ली फिरणार, प्रत्येक चेंबरजवळ पॉइंट टाकणार, झाकण उघडून बघणार आणि 'स्थिती'मधी तीनपैकी एक निवडणार: चांगलं, तुंबलेलं, झाकण तुटलेलं. फॉर्म मी बनवला होता. हे मुद्दाम सांगतोय, पुढं लागेल.

त्याच्यात जोडायला एक जुनी शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या डेटाची फाइल, पण मिळाली होती, तिनं दोन दिवस खाल्ले. शेपफाइलमधी कॉलमच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात, त्यामुळं इंग्रजीतलं 'चेंबर कोड' आणि 'चेंबर कंडिशन' दोन्ही कापून सारखंच झालेलं, मग सॉफ्टवेअरनं दुसऱ्याच्या शेपटीला अंडरस्कोर आणि एक लावून दिला. कोणता कोड आणि कोणती कंडिशन हे आत डोकावल्याशिवाय कळेचना. आणि आत काय, तर 'चांगलं', 'चांगले', 'चांगली', शिवाय एक 'चांगलं' ज्याच्या मागे स्पेस. डोळ्याला दोन्ही 'चांगलं' सारखेच दिसतात, फिल्टरला नाही. ट्रिम मारून जास्तीच्या स्पेस काढल्या, एकेक स्पेलिंग बदललं, सगळं जिओपॅकेज नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या नकाशा-फाइलमधी टाकलं आणि स्वतःवर खूश झालो.

मीटिंग चारला. कंत्राटदाराला फक्त काम करायची असलेली चेंबरं पाहिजे होती. मी चेंबरांच्या लेयरवर फिल्टर लावला: ज्यांची स्थिती 'चांगलं' नाही तेवढेच दाखव. ३१२ पॉइंट उरले, लाल रंग दिला, ए-झिरो साइजचा नकाशा प्लॉटरवर सोडला.

आमचे फील्ड सुपरवायझर, अख्खं ऑफिस त्यांना भाऊ म्हणतं, वय साठीच्या जवळ, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत पण गल्ली न गल्ली तोंडपाठ. ते नकाशाजवळ आले, चष्मा कपाळावर चढवला आणि अंबाझरी लेआउटच्या बाजूला बोट ठेवलं.

"हे काय बाप्पा, ही गल्ली त कोरीच आहे."

"तिथली चांगली असतील ना भाऊ."

"चांगली? काहून मजाक करता सर. मी सोता गेलतो त्या पोट्ट्यासंगं. तिथं झाकणच उघडे ना, डांबर टाकून देल्लं वरून. उघडलंच नाही त चांगलं कसं?"

मी फिल्टर उलटा केला, स्थिती 'चांगलं' आहे तेवढेच. १,५९१. फिल्टर पूर्ण काढला, २,१४०. भाऊंच्या डायरीच्या मागच्या पानावर बेरीज केली, १,५९१ आणि ३१२ म्हणजे १,९०३. मग २३७ कुठं गेले? जे चांगले नाहीत आणि वाईट पण नाहीत असे कोणते चेंबर असतात?

अ‍ॅट्रिब्यूट टेबल, म्हणजे सगळ्या पॉइंटच्या नोंदींचा तक्ता, उघडला तेव्हा दिसले. स्थितीच्या रकान्यात नल. झाकण उघडलं नाही म्हणून पोरांनी काहीच निवडलं नाही आणि पुढं गेले, फॉर्मनं पण त्यांना जाऊ दिलं कारण रकाना भरणं सक्तीचं मी केलंच नव्हतं आणि 'उघडता आलं नाही' असा पर्याय पण दिला नव्हता. आता नल म्हणजे रिकामी अक्षरं नाहीत, नल म्हणजे माहीतच नाही. ते 'चांगलं' आहे का विचारलं तर उत्तर माहीत नाही, 'चांगलं' नाही का विचारलं तरी उत्तर माहीत नाही, आणि फिल्टर फक्त 'हो'वाल्यांना आत घेतो. म्हणून हे २३७ दोन्ही बाजूंनी बाहेर. कॉलेजात शिकलो होतो हो हे, पेपरात लिहून मार्क पण घेतले होते.

साडेतीन वाजलेले. टेबलमधी फक्त नलवाल्या ओळी दिसतील असा फिल्टर लावला, एका झटक्यात अख्खा रकाना भरणारा फील्ड कॅल्क्युलेटर उघडला, 'उघडता आलं नाही' टाकलं आणि ओके. मग सहज म्हणून 'सगळे दाखव' केलं तर २,१४० च्या २,१४० चेंबरांना उघडता आलं नाही! कॅल्क्युलेटर टेबलमधी काय दिसतंय ते बघत नाही, सिलेक्ट काय केलंय ते बघतो, आणि मी सिलेक्ट काहीच केलं नव्हतं. हात थंड पडले, ४४ डिग्रीमधी. नशीब एडिट सेव्ह केलं नव्हतं, एडिटिंगचं पेन्सिलवालं बटण बंद केलं, सगळे बदल डिसकार्ड. या वेळी एक्स्प्रेशननं, म्हणजे अट लिहून, नलवाले सिलेक्ट केले, खाली २३७ सिलेक्टेड दिसतंय का ते दोनदा वाचलं, मग चालवलं.

मीटिंगला अर्धा तास उशिरा पोचलो, नवीन नकाशा घडी न घालता काखेत धरून. बोलणी बसली, ते जाऊ द्या.

पुढचे दोन दिवस त्या २३७ चे फोटो एकेक उघडून बघितले. काही ठिकाणी पोरगा नुसता विसरला होता, फोटोत झाकण उघडं, आत काठोकाठ गाळ. काहींवर गाडी उभी होती. एका फोटोत कोणीतरी घरात गाडी चढवायला सिमेंटचा रॅम्प ओतलेला आणि झाकणाची फक्त एक कड बाहेर, भाकरीच्या तुकड्याएवढी.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, भाऊंसोबत त्या कोऱ्या गल्लीत गेलो. त्यांनी सब्बल उलटी धरली आणि रस्ता ठोकत चालले, ठक, ठक, ठक, आणि एका जागी ठण्ण. मोबाइलवर माझा पॉइंट तिथून दीड-दोन पावलं बाजूला होता.

"तुमच्या फिल्टरमधी दिसते का आता हे?"

दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून लाल ठिपका बघितला, म्हणाले, "थोडा इकडं सरकवा," आणि खडूनं डांबरावर गोल काढला.