आधी किती धावलात ते सांगा

यवतेश्वरचा घाट पहाटे चढून परत उतरले की समर्थ मंदिराच्या आसपास कोणीतरी गाठतेच. महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवते आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी धावायला लागले, या दोन्ही गोष्टी साताऱ्यासारख्या गावात लपून राहत नाहीत, त्यामुळे घाटात, किराणा दुकानात आणि हळदीकुंकवालासुद्धा एकच प्रश्न माझ्या वाट्याला येतो : "मॅडम, धावायला सुरुवात केलीय, आता खायचं काय?" मी उलट विचारते, "आज किती धावलात?" विचारणाऱ्याला वाटते की मी उत्तर टाळते आहे. वास्तविक उत्तर तिथूनच सुरू होते. तुम्हीही हाच प्रश्न विचारलात म्हणून ते एकदा सविस्तर लिहिते.

धावणाऱ्यांचा म्हणून एक वेगळा आहार असतो, ही समजूत आधी बाजूला ठेवावी. अर्धा तास धावणाऱ्याची गरज आणि अडीच तास धावणाऱ्याची गरज यांत इतके अंतर आहे की दोघांना एकच तक्ता लावला तर एकाचे वजन वाढते आणि दुसऱ्याला रस्त्यात बसावे लागते. माझ्या बाबतीत हे दोन्ही प्रकार घडले आहेत.

नीट जेवणाऱ्या माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले पिष्ट, असते. एका ग्रॅममागे ४ कॅलरी धरल्या तर ही शिल्लक १,६०० ते २,००० कॅलरींची होते. खर्चाचा ढोबळ हिशेब असा की वजनाच्या प्रत्येक किलोमागे दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी लागते. म्हणजे ६० किलोंच्या व्यक्तीला ५ किलोमीटरला ३०० कॅलरी पुरतात, आणि त्यातलाही काही भाग चरबीतून निघतो. तेव्हा अजिंक्यतारा किल्ला चढून उतरणाऱ्याने किंवा तासाभराच्या आत घरी परतणाऱ्याने धावण्यापूर्वी काही खाल्लेच पाहिजे असे नाही. पाणी प्यावे, पोटात कालवाकालव होत असेल तर अर्धे केळे खावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच उपाशीपोटी बाहेर पडावे.

पहिल्या तीन महिन्यांत माझे वजन दोन किलोंनी वाढले. पाच किलोमीटर झाले की आमचा गट वडापावच्या गाडीशी थांबत असे, आणि एका वडापावात साधारण तेवढ्याच ३०० कॅलरी असतात, वर गोड चहा निराळा. वर्गात हाच हिशेब मी फळ्यावर मांडत होते आणि गाडीशी उभी राहून विसरत होते, कारण धावून आलेल्या माणसाला भूक लागते त्यापेक्षा खाण्याचा हक्क अधिक वाटतो.

लांब पल्ल्याचे गणित याच्या उलट आहे. साताऱ्यात २०१२ पासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन होते. शहरातून निघून घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि त्याच वाटेने उतरायचे, असे २१ किलोमीटर. आमच्यासारख्या हौशी मंडळींना त्याला अडीच तास सहज लागतात. त्या पल्ल्याची तयारी करताना कोणाच्या तरी सांगण्यावरून मी रात्रीची भाकरी आणि भात बंद केला होता, काकडी-टोमॅटोवर झोपत होते, आणि तशाच रिकाम्या पोटी १८ किलोमीटरांना निघाले. चौदाव्या किलोमीटरनंतर पायांनी ऐकणे सोडले. दम लागला नव्हता, काही दुखत नव्हते, फक्त बळ सरले होते. डोके जड झाले आणि उताराच्या रस्त्यावर कठड्याला टेकून बसावे लागले. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी दुचाकीवरून खाली आणून सोडले. आहारशास्त्राच्या शिक्षिकेला याहून मोठी नामुष्की नसावी.

झाले होते ते सरळ होते. यकृतातला साठा रात्रभर मेंदूसाठी खर्च होत असतो, स्नायूंतला साठा मी आठवडाभर भरलाच नव्हता, आणि सुमारे दीड-दोन तास जोर लावून धावल्यावर भरलेला साठासुद्धा तळाला जातो. म्हणून लांब धावायचे असेल त्याच्या आदल्या रात्री भाकरी, भात, बटाटा यांपैकी जे पचते ते नेहमीपेक्षा थोडे अधिकच खावे, आणि सकाळी निघण्यापूर्वी दीड-दोन तास पोह्यांची लहान ताटली किंवा केळे घ्यावे. पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. बाजारात मिळणाऱ्या जेलच्या, म्हणजे धावताना चोखायच्या घट्ट गोड पाकाच्या, एका पुडीत ती साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. तासगावच्या बेदाण्यांच्या एका मुठीत, म्हणजे ३० ग्रॅमांत, जवळपास तेवढीच असतात. मी बेदाणे नेते. चढावर चावताना श्वास अडखळतो, म्हणून सपाटी आली की खाते आणि वर दोन घोट पाणी पिते. जेल वाईट आहे असे मुळीच नाही. पण जेल असो वा बेदाणे, शर्यतीच्या दिवशी ते प्रथमच पोटात घालणे वाईट आहे. शेंगदाण्याचा लाडू बरोबर नेणारेही भेटतात. तो पौष्टिक खराच, परंतु त्यातल्या स्निग्धांशामुळे तो पोटात रेंगाळतो. घरी पोहोचल्यावर खावा.

पाण्याबद्दल आपल्याकडे दोनच पंथ दिसतात. एक म्हणतो, धावताना पाणी पिऊच नये; दुसरा शर्यतीतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी पेला रिकामा करतो. दुसरा पंथ निरुपद्रवी वाटतो, पण तो तसा नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम, म्हणजे मिठातला घटक, प्रमाणाबाहेर घटलेले आढळले, आणि ज्यांचे वजन धावताना वाढले होते त्यांच्यात हे विशेष दिसले. घामावाटे जाते त्याहून अधिक पाणी पोटात गेले की रक्त पातळ होते. मळमळ, डोकेदुखी, भ्रम आणि क्वचित जिवावर बेतणे इथवर ते जाऊ शकते. यासाठी घरचा वजनकाटा पुरेसा आहे. लांब पल्ल्याच्या आधी व नंतर वजन करावे. किलोभर घटले तर साधारण लिटरभर पाणी गेले. वाढले असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यालात. आमच्या घाटात पावसाळ्यात धुके असते, घाम अंगावरच राहतो, त्यामुळे तहान कळत नाही असे लोक म्हणतात. तरीही हौशी धावकाला तहानेइतका भरवशाचा सल्लागार दुसरा नाही. दोन तासांपुढे मिठाचे पाहावे. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत चालते. ओआरएसची पुडी वापरणार असाल तर पुडीवर लिहिलेल्या मापातच ती विरघळवावी. लिटरभर पाण्याची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणारे दर वर्षी दिसतात, आणि त्यांचे पोट घाटात बिघडते.

प्रथिनांचा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारतात ती भरतीची तयारी करणारी मुले. पोलीस भरतीला मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्यासाठी काही जण पहाटे कच्ची अंडी फोडून पितात. उकडलेल्या अंड्यातली प्रथिने कच्च्यापेक्षा कितीतरी चांगली पचतात, शिवाय जंतुसंसर्गाची भीती टळते. तेव्हा गॅस पेटवावा. या मुलांच्या तोंडी आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांचे नाव असते. त्या २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. ही शर्यत साडेनऊ मिनिटांच्या आतबाहेरची. तिच्यात एक घासही लागत नाही. अन्न लागते ते तिच्यामागच्या वर्षानुवर्षांच्या सरावाला. भरतीच्या मुलांचेही तेच आहे. ८०० मीटरसाठी काय खाऊ, असे न विचारता आठवड्याच्या सरावाला माझे ताट पुरते का, असे विचारावे.

बहुधा ते पुरत नाही. शरीराचा नियमित कस लावणाऱ्याला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोंना ७२ ते ९६ ग्रॅम. आपल्या नेहमीच्या जेवणाची बेरीज करू. दिवसाच्या तीन भाकऱ्यांतून १८ ग्रॅम, दोन वाट्या आमटीतून ८-१०, कपभर दुधातून ६, वाटीभर दह्यातून ४ आणि शेंगदाण्याच्या कुटातून ५; म्हणजे चाळिशीच्या थोडे पुढे. आपली आमटी चवदार असते, पण पातळ असते, आणि वाटी रिकामी करून आपण डाळ खाल्ली असे समजतो. यात दोन उकडलेली अंडी घातली की १२ ग्रॅमांची भर पडते. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची घट्ट उसळ ८-९ ग्रॅम देते. ४० ग्रॅम बेसनाचे पिठले तेवढेच देते. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते आणि ते हरभऱ्यात भरपूर असते, त्यामुळे पिठले-भाकरीची जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. हे तीन पदार्थ दिवसभरात विभागून खाल्ले तर ७२ चा आकडा गाठता येतो. प्रथिनांच्या पावडरीला माझा विरोध नाही. ज्याला स्वयंपाकघर उपलब्ध नाही, वसतिगृहात जो मिळेल ते खातो, त्याने जरूर घ्यावी. मात्र पावडर घेऊन दुपारचा डबा अर्धा परत आणणाऱ्याला तिचा काय उपयोग?

एक गोष्ट लोक विचारत नाहीत, आणि तीच मला मुद्दाम लिहायची आहे. भरतीची तयारी करणारी एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. वेळ सुधारत नाही, ही तिची तक्रार होती. बोलता बोलता आईनेच सांगितले की पाच महिने पाळी आलेली नाही, आणि पुढे म्हणाली, "पळती ना बाई, त्यामुळं असंल." अनेक घरांत हे असेच मानले जाते, काहींना तर ती सोय वाटते. पण धावणाऱ्या मुलीची पाळी थांबणे हा पुष्कळदा शरीराला अन्न कमी पडत असल्याचा निरोप असतो. खर्च भागत नाही म्हणून शरीर जे थांबवता येईल ते थांबवते, आणि त्यात हाडांची झीज भरून येणेही मंदावते. मी त्यांना आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले, कारण इतर कारणे वगळणे आवश्यक होते. मग ताट पाहिले. वजन कमी असले की वेग वाढतो, असे कोणीतरी सांगितल्यामुळे ती सकाळ-संध्याकाळ पळून दिवसाकाठी दोन भाकऱ्यांवर राहत होती. तिला मी काही कमी करायला सांगितले नाही. दोन भाकऱ्यांच्या चार केल्या, दुपारी शेंगदाणे-गूळ आणि रात्री दूध वाढवले, आणि काही आठवडे पळणे निम्म्यावर आणले. चौथ्या महिन्यात पाळी आली.

तिचे हिमोग्लोबिनही कमी होते. बाजरी, पालेभाज्या, कडधान्ये यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत लिंबू पिळले तर ते अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. त्यांच्या घरी सकाळची न्याहारी म्हणजे चहा-भाकरी होती. चहा सोडा म्हटले असते तर ती माउली दुसऱ्यांदा आली नसती, म्हणून पळून आल्या आल्या चहा आणि तासाभराने भाकरी-भाजी, एवढेच ठरवले.