मागे न बघता पुढे केलेला तळवा

रविवार, रात्र

आज लेकीच्या संघाची ४ × १०० मीटर रिले होती. तिसरा टप्पा तिचा, म्हणजे वळणावरचा. नंबर आला चौथा. पदक हुकलं, तरी येताना गाडीत तिची बडबड थांबेना, आणि त्यात स्वतःच्या धावण्याबद्दल जवळपास काहीच नव्हतं. "बाबा, तिची हाक आली, मी हात मागे केला, आणि बॅटन थेट तळव्यात!" एवढंच पुन्हा पुन्हा.

हे एवढं मोठं का, ते सराव बघितल्याशिवाय कळत नाही. बॅटन ३० मीटरच्या पट्ट्यातच एका हातातून दुसऱ्या हातात जावं लागतं. पंच धावणाऱ्याचे पाय बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात. पट्ट्याबाहेर गेलं की संघ बाद. घेणारी मागे वळून बघत बसली तर वेग जातो. म्हणून ती आधीच पावलं मोजून ट्रॅकवर चिकटपट्टीची खूण करते. मागची त्या खुणेवर आली की ही सुटते, जीव तोडून. मग मागून हाक येते आणि हिचा उजवा हात मागे जातो, तळवा उघडा. त्यात बॅटन येईलच हे तिने धरूनच चालायचं.

हाक मारणारी मुलगी हिची मैत्रीण नाही. वर्ग वेगळा, स्वभाव तर अगदीच वेगळा. माझी लेक बोलायला लागली की ऐकणारा दमतो. ती मोजकंच बोलते. मैदानात सगळ्यांसमोर ओरडायचा तिला संकोच वाटायचा, त्यामुळे हाक इतकी हळू यायची की हिला ऐकूच जायची नाही. हिची घरी रोज कुरकुर. सरांनी दोघींना धावणंच बंद करायला लावलं. जागेवर उभं राहून, एकीमागे एक, नुसती हाक आणि बॅटन. मग चालत. मग हलक्या धावेत. असंच एकदा ती मुलगी थांबली आणि म्हणाली, "तुझा हात हलतो. स्थिर ठेव, मला सापडत नाही." तिने हिच्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य असावं. हिने त्या दिवशी घरी आरशासमोर पाठमोरी उभी राहून हात मागे नेण्याचा सराव केला.

मित्र आपण निवडतो. संघातली माणसं वाट्याला येतात, आणि मुलांना अशी न निवडलेली माणसं मिळण्याच्या जागा कमी होत चालल्यात, असं मला फार वाटतं. आवड जुळत नसताना एकमेकींच्या पावलांचा आवाज ओळखता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जपानच्या चौघांनी याच शर्यतीत ३७.६० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. तोवर अधिकृत नोंदीत त्यांच्यापैकी एकानेही १०० मीटर १० सेकंदांच्या आत पूर्ण केलेलं नव्हतं. त्यांची ताकद होती बॅटन देण्याघेण्यात. आणि २००८ साली बीजिंगमध्ये अमेरिकेच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांकडून पहिल्याच फेरीत बॅटन पडलं होतं. नुसता वेग पुरत नाही, तो असा.

सरांनी आम्हा पालकांना एक गोष्ट बजावली आहे: बदलाच्या पट्ट्याजवळ ओरडायचं नाही. तिथे मुलीच्या कानावर एकच आवाज पडायला हवा, तिच्या जोडीदाराचा. पालक म्हणून मला मिळालेली ही सगळ्यात खरी सूचना. आपलं मूल ज्या आवाजाच्या भरवशावर पळतंय तो आपला नाही, हे स्वीकारताना आत काहीतरी हलतं. पण हेच तर हवं असतं ना आपल्याला? आपल्याखेरीजही तिला कुणाचा तरी भरवसा वाटावा?

आज ते ३० मीटर आम्ही सगळे गप्प होतो. त्या मुलीच्या आईने माझ्या बायकोचं मनगट घट्ट धरलं होतं. एरवी दोघींची ओळख गाडीतून मुलींना सोडता-आणताना मान हलवण्यापुरती. शर्यत संपल्यावर त्या बराच वेळ बोलत उभ्या होत्या, मुलींचा विषय संपल्यावरही.

पुढच्या स्पर्धेआधी खूण अर्धं पाऊल मागे न्यायची, असं लेकीच्या मनात आहे. म्हणजे ही आणखी लवकर सुटणार आणि मागचीने तिला गाठायचं. ती मुलगी म्हणते, पाऊण पाऊल ने, मी गाठते. साडेनऊ वाजलेत, फोनवर दोघींचा वाद अजून चालू आहे.