उताराकडे तोंड करून

परवा हडपसरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेलो होतो. पटांगण निम्मं रिकामं, चिंचेखाली चांगली सावली. मी मात्र गाडी फिरवत फिरवत नेली आणि मागच्या कुंपणाशी जमीन जिथे जरा घसरते तिथे, तोंड उताराकडे करून, भर उन्हात लावली. बायको काही बोलली नाही. तिचं बोलून झालंय. गाडी नवीन आहे, ऑटोमॅटिक आहे, म्हणजे धक्का मारून ती चालूच होत नाही. हे मलाही कळतं.

पण हात ऐकत नाही, त्याला काय करणार?

तासगावच्या बाजूला आमची द्राक्षबाग. आबांनी सेकंडहँड घेतलेला अठरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर, मांडवाखालून जाईल असा बुटका. छत नाही, असतं तर तारांत अडकलं असतं. चालवणाऱ्यानं मान खाली घालूनच बसायचं. आबा सहा फुटी. त्यांना पोक आलं ते वयानं नाही, मांडवानं, असं आई अजून म्हणते.

तेव्हा घरात बॅटऱ्या दोन. एक हातातली, एक ट्रॅक्टरमधली. ट्रॅक्टरमधली कायम उतरलेली. नवीन घ्यायची वेळ आली की खत यायचं, नाहीतर औषधाची उधारी यायची. शिवाय आबांचं म्हणणं, डिझेल इंजिनाला बॅटरी लागतेच कशाला? एका अर्थी खरंच होतं. ना प्लग, ना ठिणगी. सिलिंडरमध्ये हवा वीसेक पट दाबली की तीच इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. चावी काढून खिशात टाकली तरी ते इंजिन फटफटतच राहायचं, बंद करायला काळी मूठ ओढावी लागायची. एकदा फिरवून दिलं की झालं. आणि फिरवायला उतार आहे की.

विहीर खोदली तेव्हाचा मुरूम शेडजवळ पडून होता, त्याचाच आबांनी उंचवटा करून घेतला. संध्याकाळी ट्रॅक्टर मागे घेत वर चढवायचा, रिव्हर्स गिअर टाकून ठेवायचा, पुढच्या चाकाला दगड. सकाळी आबा क्लच दाबून सेकंड टाकायचे आणि मी दगड ओढून बाजूला उडी मारायची. अर्धा उतार नुसता टायरचा आवाज. मग आबा क्लच सोडायचे, मागची चाकं एकदा फरफटायची, मुरूम उडायचा, काळा भपका, आणि ठक... ठक... ठकठकठक. माझी शाळा त्यानंतर.

ऑक्टोबर छाटणीनंतरची एक पहाट आठवते. रात्री पाऊस पडून गेलेला, पानं ओली, डावणी रोगाची भीती, चारी बाजूंनी लोकांचे औषध फवारायचे ब्लोअर सुरू झालेले. आमचा ट्रॅक्टर उतार संपवून खाली आला आणि गप्प. आदल्या दिवशी टाकी कोरडी पडेपर्यंत चालला होता, पाइपात हवा धरलेली. आबांनी पाना लावून फिल्टरवरचा बोल्ट ढिला केला आणि अंगठ्यानं प्रायमरचा छोटा पंप दाबत बसले. बोल्टच्या कडेनं आधी नुसता फेस आला, दुधाच्या सायीसारखा. मग बुडबुडे मोठे, विरळ. मग एकदम स्वच्छ डिझेलची धार. “बॅटरी नीट धर की, माझ्या तोंडावर काय मारायलायस?”

हवा गेली, पण आता उतारही गेला होता. सपाटीवर उभा ट्रॅक्टर आणि आम्ही दोघं.

शेवटी चुलत आजोबा बैलं घेऊन आले. गावातली शेवटच्या दोन-तीन जोड्यांपैकी ती एक. ट्रॅक्टरनं रान दाबलं जातं, माती मरते, हे ते येईल त्याला सांगायचे. लोखंडानं जमीन नासते म्हणून किर्लोस्करांच्या १९०३ सालच्या नांगराला दोन वर्षं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं म्हणतात. त्यांनी पुढे वसवलेली किर्लोस्करवाडी आमच्या शेजारचीच, आणि ते न मिळालेलं गिऱ्हाईक बहुतेक आमच्या घरातलं. आजोबांनी साखळी अडकवली, बैलांनी ट्रॅक्टर ओढला, आबांनी क्लच सोडला, इंजिन लागलं. बैलं बुजली. आजोबा काही म्हणाले नाहीत, पण त्यांचा चेहरा आबांनी महिनाभर टाळला.

पाना-पेचातलं आबांना जे येतं ते सगळं मिस्त्रीच्या शेडमध्ये बसून आलेलं. तिथे कायम कुणाचं तरी एचएमटी उघडून पडलेलं असायचं. एचएमटीनं ट्रॅक्टर काढायला हरियाणातल्या पिंजोरला १९७१ साली सुरुवात केली, झेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीला धरून, आणि २०१६ मध्ये ते बंद करायचं ठरलं. मी पेपरात वाचून मिस्त्रींना सांगितलं तर ते मान वर न करता म्हणाले, “झालं असंल. माझ्याकडं कालच एक आलाय.”

चार वर्षांपूर्वी मी नवीन बॅटरी नेऊन बसवली. सेल्फ अर्ध्या फेऱ्यात घेतो. आता पुतण्या चालवतो. तरी संध्याकाळी ट्रॅक्टर उंचवट्यावरच चढतो, आणि फोनवर माझी तब्येत विचारायच्या आधी आबा तिकडे ओरडून विचारत असतात, “दगड लावलास न्हवं?”

जेवण करून कार्यालयाच्या मागे आलो. गाडी भट्टीसारखी तापलेली. शेजारी आणखी एक गाडी लागली होती, तोंड उताराकडे. पुढच्या चाकाखाली वीट.

दार उघडं टाकून मी जरा वेळ थांबलो, मालक येतोय का बघत. आला नाही. बायको म्हणाली, चला.